जांभळी पिशवी

जिना माणसांनी असा गच्च भरला होता की सिस्टरांना वाटलं, घड्याळजी आजोबा गेले! पण लोकांचे चेहरे तर खुशीत.

"चपला काढा," एकाने दटावलं. "आत चमत्कार आहे."

चमत्कार खाटेच्या दांडीला लटकत होता. आजोबांच्या लघवीची पिशवी, गर्द जांभळी! लघवीची वाट बंद झाली म्हणून डॉक्टरांनी त्यांच्या बेंबीखाली भोक पाडून थेट मूत्राशयात नळी बसवली होती. ती महिन्या-महिन्याने बदलायला सिस्टर यायच्या. या खेपेला सुनेने "आत्ता नको" म्हणत दोनदा टोलवलं होतं. का, ते आता कळलं. खुर्चीत बाबा विराजमान होते. परवापर्यंत गाद्या विकायचे, हल्ली दुःखं हरण करतात.

"मी पोटावर हात ठेवला," बाबा सांगत होते, "आणि तिसऱ्या दिवशी चाळीस वर्षांचं विष जांभळं होऊन उतरू लागलं! एकवीस दिवस नळीला हात लावायचा नाही. औषधं बंद. पोट साफ व्हायचं औषध तर मुळीच नाही!"

सिस्टरांनी आजोबांच्या कपाळाला हात लावला. भट्टी. अंग थडथड उडत होतं, ओटीपोट टम्म.

"नळीतून कधीपासून येत नाहीये?"

"सकाळपासून," सून पुटपुटली. "बाबा म्हणाले, विष संपत आलं."

"आणि शौचाला?"

"आठ दिवस झाले."

आजोबांनी डोळे उघडले. "सिस्टर, लोक माझं मूत बघायला येतात हो. मी कण्हतोय, ते कुणी बघत नाही."

सिस्टरांनी डॉक्टरांना फोन केला, आजोबांच्या मुलाला गाडी आणायला पिटाळलं, लोकांना दाराबाहेर काढलं आणि हात धुऊन जुनी नळी उपसली. तिच्या टोकावर चुनखडीसारखं कवच चढलं होतं. नवी नळी बसताच नव्या पिशवीत भळाभळा लघवी उतरली. गढूळ, पिवळी, घाणेरड्या वासाची. आजोबांनी सुस्कारा सोडला.

"जांभळं कुठे गेलं?" दारातून शेजारच्या शिंपीणबाईंनी विचारलं.

"अश्रद्ध हात लागला, रंग पळाला!" बाबा गरजले.

"कुठे पळतोय?" सिस्टरांनी जुनी पिशवी भांड्यात ओतली. लघवी मळकट पिवळीच. रिकामी पिशवी मात्र जांभळीच्या जांभळी. "रंग प्लास्टिकला चढलाय. पोट तुंबलं की आतड्यातले जंतू अन्नातल्या एका घटकाचं रसायन करतात. ते रक्तातून लघवीत येतं. नळीतले जंतू त्यापासून निळा आणि लाल रंग बनवतात. दोन्ही मिळून जांभळा. बाबा, धरा बरं ही पिशवी."

"छी!" बाबा खुर्चीसकट मागे सरकले.

दारात हशा पिकला. तेवढ्यात गाडी आली, आणि हसणाऱ्यांनीच आजोबांना उचलून खाली नेलं. बाबा कधी सटकले, कुणाला कळलंही नाही.

इस्पितळात डॉक्टर म्हणाले, "जंतू रक्तात शिरू लागले होते. आणखी एक दिवस, आणि हाती काही उरलं नसतं." आठवड्याने आजोबा उठून बसले.

सून सिस्टरांपुढे रडली. "मला कसं कळणार होतं?"

"कळत नव्हतं, यात गुन्हा नाही," सिस्टर म्हणाल्या. "विचारायचं होतं. रंग का बदलला, ताप का आला, पोट का फुगलं? हात जोडून नळी मोकळी होत नाही, ताई. नुसता उशीर होतो."