न उलगडलेली फाइल

तळोज्याच्या एका रासायनिक कारखान्यातले गॅसगळतीचे अलार्म बंद पडले होते. कामगार नाकाच्या भरवशावर काम करत होते. नवे चारशे अलार्म आम्ही बनवत होतो. त्यातल्या कर्नलला, म्हणजे यंत्र चालवणाऱ्या मूळ प्रणालीला, किती मेमरी लागेल याचा अंदाज माझा होता. प्रत्येक अलार्मच्या सर्किट बोर्डावर आठ एमबी मेमरी होती. कर्नलची फाइल दोन एमबीची आणि गॅस मोजणारा प्रोग्राम चार एमबीचा, म्हणजे दोन एमबी शिल्लक.

काल न्हावा शेवाहून बोर्ड आले. आज पहिला सुरू केला, तर मिनिटभरात गॅसचा प्रोग्राम बंद पडला. मेमरी संपली की कर्नल सर्वांत मोठ्या प्रोग्रामचा बळी देतो.

मग माझी चूक कळली. कर्नलची फाइल दाबून लहान केलेली असते. सुरू होताना ती मेमरीत उलगडते. उलगडल्यावर ती पाच एमबी भरली.

"उझमा, कर्नल अजून थोडा काप की," उदयसिंह सर म्हणाले.

"काढण्यासारखं सगळं आधीच काढलंय, सर. आणि मेमरीची चिप बोर्डाला सोल्डर केलेली आहे, बदलून मोठी लावता येणार नाही."

"मग चारशे बोर्डांचं काय तोरण बांधू दाराला?"

त्यांनी माझा अंदाजाचा कागद मागवला. खाली त्यांचीच सही होती.

"मीपण फाइलच बघितली होती गं," ते हळू आवाजात म्हणाले. "नवे बोर्ड यायला?"

"तीन महिने."

त्यांनी कारखान्याला फोन लावला आणि माझ्या हातात दिला. मी काही बोलायच्या आत पलीकडून आवाज आला, "मॅडम, उद्या लावायला येताय ना? शिडी काढून ठेवलीय."