मूळ आवाज

पहिल्याच चित्रपटात दिग्दर्शकाने तिचा आवाज काढून दुसऱ्या बाईचा घातला, तेव्हापासून तिने त्याचं तोंड पाहिलं नव्हतं. तो वारला तेव्हाही ती तिकडे फिरकली नाही. आता म्हातारपणी चित्रपट संग्रहालयातून बोलावणं आलं. जुन्या डब्यांत तिच्या मूळ आवाजाची फीत सापडली होती. नातीला घेऊन ती मोठ्या तोऱ्यात गेली.

पडद्यावर तरुणपणची ती मेलेल्या मुलासाठी रडू लागली. आवाज अगदी कोरडा होता, पाठ केलेला धडा घडाघडा म्हणावा तसा.

"आजी, किती छान," नात कुजबुजली.

"उगाच समजूत घालू नकोस. त्याचंच बरोबर होतं."

आयुष्यभर जपलेला राग आता कुणावर काढायचा, तेच तिला कळेना.