शेवटचा फर्मा

मी एक कादंबरी बोलतेय. रहस्यकथा म्हणा हवं तर, पण माझ्यात खून नाही, पिस्तूल नाही, अंधारात पळणारा माणूसही नाही. एका खेड्यातल्या चर्चमधून प्रभुभोजनाचा चांदीचा प्याला नाहीसा होतो आणि पाळकसाहेबांची थोरली बहीण मार्थाबाई चहा पीत पीत त्याचा छडा लावते, एवढीच माझी गोष्ट. माझं नाव 'प्याला गेला कुठे'. या साध्या नावाची मला पूर्वी लाज वाटायची.

माझा जन्म एका लहानशा छापखान्यात झाला. कागद हलका, शिवण कच्ची. ख्रिस्ती मंडळीच्या कुठल्याशा अधिवेशनात मला कुणीतरी हौसेनं विकत घेतलं, चार पानं चाळली आणि माळ्यावर टाकलं. माणसांना पुस्तक घेण्याची हौस असते, वाचण्याची असतेच असं नाही. पुढे मी रद्दीत निघाले आणि अंबाजोगाईला आप्पारावांच्या दुकानात येऊन पडले.

आप्पाराव बाइंडर होते. मेडिकल कॉलेजच्या रस्त्याला त्यांचं दुकान. डॉक्टर होऊ घातलेल्या पोरापोरींचे जाडजूड प्रबंध त्यांच्याकडे शिवायला यायचे. काळा पुठ्ठा, वर सोनेरी अक्षरं, असा त्या प्रबंधांचा थाट. मी मात्र जुन्या कागदांच्या गठ्ठ्यात त्यांच्या हाती लागले. त्यांनी नाव वाचलं, हसले आणि म्हणाले, "वनमालाला आवडंल ही."

वनमालाबाई म्हणजे त्यांची बायको. तिला रहस्यकथांचं वेड होतं. आप्पारावांनी माझी कुजकी शिवण सोडली, नवा दोरा ओवला, पाठीला खळ लावली आणि शिकंज्यात मला घट्ट दाबून ठेवलं. अंगावर साधा खाकी पुठ्ठा चढला. शेजारचे सोनेरी प्रबंध माझ्याकडे जरा नाक मुरडूनच बघायचे. पण त्यांना कुणी उघडत नव्हतं, आणि माझ्यासाठी दोन माणसं रोज संध्याकाळी थांबायची.

वनमालाबाई चहाचा थर्मास घेऊन दुकानात यायची. स्टुलावर बसायची, बोट ओलं करून पान उलटायची आणि मोठ्यानं वाचायची. आप्पाराव शिवता शिवता ऐकायचे. मध्येच हात थांबवून म्हणायचे, "थांब. ते परत वाच." मग वाद सुरू व्हायचा. प्याला शाळेच्या मास्तरानं चोरला, असं तिचं ठाम मत. आप्पारावांना ते पटत नव्हतं.

"चोरीच झाली न्हाई," ते म्हणायचे. "कुणीतरी जपून ठिवलाय तो प्याला. बघ तू."

"आवो, मग गोष्ट कशाची? तुमचं दर वेळंला चुकतंय."

"माजं चुकत न्हाई. लिहिणाऱ्याचं चुकतंय."

अशी त्यांची भांडणं. मला ती फार आवडायची. माझ्या गोष्टीपेक्षा त्यांचं भांडणच जास्त रंगायचं, हे कबूल करायला हवं.

मग राखेचा बुधवार आला. ईस्टरच्या आधी चाळीस दिवसांचा उपवासकाळ असतो आणि आप्पारावांच्या मंडळीतलं प्रत्येक माणूस त्या दिवसांसाठी काहीतरी सोडतं. कुणी मटण सोडतं, कुणी तंबाखू. तिथल्या पाळकसाहेबांनी त्या वर्षी उपदेशात सांगितलं, जे सुटता सुटत नाही ते सोडा. वनमालाबाईनं विचार केला आणि रहस्यकथा सोडल्या.

आता योग असा, की आदल्याच संध्याकाळी ती माझ्या शेवटच्या प्रकरणाशी येऊन थांबली होती. मार्थाबाईनं सगळ्यांना चर्चमध्ये बोलावलंय, दार लावून घेतलंय आणि म्हणाली आहे, "प्याला कुठे आहे ते मला कळलं आहे." तिथे पान संपतं. बाईला स्वतःची खात्री नव्हती. ती नवऱ्याला म्हणाली, "शेवट हाताशी राहिला तर मी वाचणारच. तुमी तो काढून ठिवा कुठंतरी."

दुसऱ्या कुणी पानं फाडली असती. आप्पाराव बाइंडर होते, त्यांना फाडणं जमणारच नव्हतं. त्यांनी माझी पाठ पुन्हा मोकळी केली आणि शेवटचा फर्मा, म्हणजे एकत्र शिवलेल्या पानांचा शेवटचा गठ्ठा, अलगद बाजूला केला. ते करताना त्यांनी डोळ्यांवरचा चष्मा काढून ठेवला होता. का, ते मला तेव्हा कळलं नाही. मग लक्षात आलं, त्यांनाही ती अक्षरं वाचायची नव्हती. बायकोनं सोडलं म्हणून त्यांनीही सोडलं होतं.

"ईस्टरला आपोआप हातात यील तुज्या," ते म्हणाले. "शोधू नकोस."

गठ्ठा घेऊन ते घरी गेले. मी दुकानाच्या फळीवर राहिले, शेवटाविना.

तुम्ही म्हणाल, कादंबरीला स्वतःचा शेवट ठाऊक नसतो का? नसतो. आम्हाला स्वतःला वाचता येत नाही. कुणी मोठ्यानं वाचलं तरच आमच्या पोटात काय आहे ते आम्हाला कळतं. आणि माझा शेवट तोवर कुणी वाचलेलाच नव्हता.

उपवासकाळ निम्मा सरला तसा वनमालाबाईचा धीर सुटला. एका संध्याकाळी दुकानात येऊन ती म्हणाली, "एकच पान दाखवा. फकस्त मास्तर हाय का न्हाई, तेवढं."

आप्पाराव हसायला लागले. ते हसणं तिला झोंबलं. "हसू नका. द्या टाकून मग ती पानं. मला न्हाई पायजेत."

"बरं," आप्पाराव म्हणाले आणि सुईत दोरा ओवू लागले.

ती फणकाऱ्यानं निघून गेली. संध्याकाळचा चहा थर्मासमध्ये तसाच राहिला. दुसऱ्या दिवशी दुपारी आप्पाराव शिकंज्याशेजारी बसले आणि त्यांनी टेबलावर डोकं टेकलं. मला वाटलं, डुलकी लागली. समोरच्या झेरॉक्सवाल्यानं हाक मारली तरी ते उठले नाहीत. लोकांनी त्यांना उचलून रिक्षात घातलं आणि त्यानंतर मी त्यांना पाहिलं नाही.

दुकान बंद झालं. शिकंजा कुणीतरी नेला. मला पिशवीत घालून घरी आणलं गेलं आणि बायबल नि गीतपुस्तकाच्या शेजारी फळीवर जागा मिळाली. घर दोन खोल्यांचं. मुलगी सायली पुण्याला. एवढ्याशा घरात एक बाई आणि एक अर्धवट कादंबरी, दोघींना एकमेकींशी बोलता येईना.

तिनं शोधायला सुरुवात केली. गाद्यांखाली, पिठाच्या डब्यांमागे, देवदूतांच्या चित्राच्या चौकटीत, कपाटावर. कपाटाच्या तळाशी एक पत्र्याची ट्रंक होती, तीही उपसली. तळाला पांढऱ्या धोतरात बांधलेलं गाठोडं होतं. ते तिनं उचललं आणि न सोडताच परत ठेवलं. त्यात तिची लग्नातली पांढरी साडी होती. आमच्या मंडळीत नवरी पांढरं नेसते. वनमालाबाई दर ईस्टरला पहाटेच्या उपासनेला तीच साडी नेसायची आणि आप्पाराव तिला चिडवायचे, वर्षातून एकदा तरी नवरी बघायला मिळती म्हणून. ते गेल्यावर ती म्हणाली होती, आता ही साडी माझ्या अंगाला लागायची नाही. तेव्हापासूनचे सगळे ईस्टर ती तपकिरी साडीत, शेवटच्या बाकावर बसली.

सायली फोनवर म्हणायची, "आई, मी दुसरी प्रत बघते कुठं मिळती का."

"दुसऱ्या पुस्तकात आसतील ती पानं," बाई म्हणायची. "ह्यांनी काय केलं ते त्यात न्हाई."

तिला चोर कोण याची फिकीर उरली नव्हती. तिला एवढंच जाणून घ्यायचं होतं, की आप्पारावांनी 'बरं' म्हणून ती पानं खरंच टाकून दिली का. राग घेऊन गेले का. हे ती कुणाला सांगायची नाही. फळीपुढे उभी राहून मला हातात घ्यायची, माझी उसवलेली पाठ चाचपायची आणि परत ठेवायची. त्या ठेवण्यात इतकं एकटेपण असायचं, की मला वाटायचं, आपल्याला तोंड असतं तर चष्म्याची गोष्ट तरी सांगितली असती.

अशी काही वर्षं गेली. यंदा मुसलमानांचे रोजे आणि आमचा उपवासकाळ एकाच सुमाराला लागले. शेजारची अनिसा संध्याकाळी फळं चिरायला वनमालाबाईच्या ओट्यावर येऊन बसायची. तिच्या घरी फळांचाच धंदा. दार उघडं असलं की मला ओट्यावरचं सगळं ऐकू यायचं.

"भाबी, यंदा काय सोडलं तू?" अनिसानं विचारलं.

"सोडायला काय ऱ्हायलंय आता?" वनमालाबाई म्हणाली. आणि कोण जाणे कसं, पण त्या दिवशी तिनं सगळं सांगितलं. पानं, भांडण, ते 'बरं'.

अनिसानं पपई चिरता चिरता ऐकलं. "मग दादांनी पानं नेताना म्हणलं काय होतं? बराबर सांग."

"म्हणले, ईस्टरला आपोआप हातात यील. शोधू नकोस."

अनिसाचा हात थांबला. "आपोआप यील म्हणले? मग तू सगळं घर कावून उपसलं? आमी ईदचे कपडे पेटीत ठिवतो. ईदच्या सकाळशिवाय त्याला कुणी हात लावत न्हाई. तुजं तसलं काय हाय, भाबी? ईस्टरलाच हात लागंल असं?"

वनमालाबाई उठली, आत आली, ट्रंक उघडली. गाठोड्याची गाठ तिच्यानं सुटेना, म्हणून अनिसानं सोडली. साडीच्या दुसऱ्या घडीत पुठ्ठ्याचे दोन तुकडे होते आणि त्यांच्यामध्ये माझा शेवटचा फर्मा, एकही कोपरा न दुमडलेला. वरच्या पुठ्ठ्यात सुई टोचलेली होती. तिच्यात दोरा ओवलेला होता, कारण वनमालाबाईला सुई ओवायला दिसत नसे.

"टाकली न्हाईत," ती म्हणाली. मग ट्रंकेशेजारी बसून ती मोठ्यानं रडली. आप्पारावांना पुरलं त्या दिवशीसुद्धा ती अशी रडली नसेल. अनिसा तिच्या पाठीवरून हात फिरवत राहिली. बाहेर अजान झाली तरी ती रोजा सोडायला उठेना. शेवटी वनमालाबाईनंच डोळे पुसून खजूर आणला आणि तिच्या हातावर ठेवला. "आदी रोजा सोड तू."

रोजा सुटल्यावर अनिसा म्हणाली, "आता वाच की मास्तर हाय का कोण."

"न्हाई. ईस्टर हुंदे. ह्यांनी ईस्टरला म्हणलंय."

"लई जिद्दी हाय तू."

माझ्या जिवाची काय अवस्था झाली ते मलाच ठाऊक. माझा शेवट समोरच्या ट्रंकेत, मी फळीवर, आणि मध्ये अख्खा उपवासकाळ. पण मी रुसले नाही. इतकी वर्षं काढली होती, आणखी थोडे दिवस काढले.

ईस्टरच्या आदल्या दिवशी तिनं फर्मा माझ्या पाठीला शिवला. टाके वेडेवाकडे पडले. आप्पारावांनी असे टाके पाहिले असते तर उसवून पुन्हा घातले असते. पहाटे अनिसा आली आणि तिनं पांढऱ्या साडीच्या निऱ्या घालून दिल्या. साडी पिवळट पडली होती. उपासना झाली, मंडळी मेणबत्त्या घेऊन कबरस्तानात गेली, गीत झालं, लोक एकमेकांना ईस्टरच्या शुभेच्छा देत घरोघर परतले. वनमालाबाई मागे राहिली. आप्पारावांच्या कबरीच्या कट्ट्यावर बसून तिनं मला पिशवीतून काढलं आणि बोट ओलं केलं.

आणि मला माझा शेवट पहिल्यांदा ऐकू आला. मार्थाबाईनं कुणाचं नाव घेतलंच नाही. ती फक्त म्हणाली, "ज्याच्याकडे प्याला आहे, त्याच्यासाठीही उद्या प्रभूच्या मेजावर जागा ठेवली आहे." मग मास्तर उठला, घरी गेला आणि प्याला घेऊन आला. आणि ईस्टरच्या सकाळी पाळकसाहेबांनी तोच प्याला सगळ्यांच्या आधी मास्तराच्या ओठांना लावला.

वनमालाबाईनं मला मिटलं. "मास्तरच निघाला बघा," ती कबरीला म्हणाली. "मी म्हणलं न्हवतं?"

ती थांबली. मान जरा कलती करून, दुकानात थांबायची तशी. आता ते म्हणणार होते, माजं चुकत न्हाई, लिहिणाऱ्याचं चुकतंय. मेणबत्ती जळत होती. ती विझल्यावर वनमालाबाई मला पिशवीत घालून घरी आली.

आता मी पूर्ण आहे. फळीवर बायबलाशेजारी असते. बाईनं मला त्यानंतर उघडलेलं नाही, कारण वाद जिंकून झाला आणि हरणारं माणूसच घरात नाही. येता-जाता माझ्या पाठीवरून ती हात फिरवते, तेवढंच.

वाचणाऱ्यांनो, एक मागणं आहे. कधी अंबाजोगाईला आलात, तर मेडिकलच्या रस्त्याला बाइंडरच्या वनमालाबाईचं घर विचारा. कुणीही सांगेल. चहा मिळेल. मला वाचायला मागा, तिच्यासमोर बसून मोठ्यानं वाचा, आणि मास्तराशी येऊन पोचलात की पुस्तक खाली ठेवून तिला ठणकावून सांगा, की चोरी झालीच नव्हती, प्याला कुणीतरी जपून ठेवला होता. ती ऐकणार नाही. तुम्हीही ऐकू नका. अंधार पडेपर्यंत तिच्याशी भांडा.