जुन्या मशीनचा दसरा

"ड्राइव्ह गेलाय मॅडम. तुम्ही फक्त तसं लिहून द्या. कागदाशिवाय आमचे आण्णा मशीन भंगारात काढू देत नाहीत." सातपूरच्या कारखान्यातल्या रोहितशेठनी निदान फोनवरच उरकलं होतं. आण्णा म्हणजे त्यांचे वडील, कारखान्याचे मूळ मालक. वा! म्हणजे मी सर्व्हिस इंजिनीअर फक्त सहीपुरती.

मशीन जुनं, सीएनसी मिलिंगचं, म्हणजे संगणकाच्या हुकमानं धातू कापणारं. वीस मिनिटं चालायचं, मग एक्स अ‍ॅक्सिसचा सर्वो ड्राइव्ह, म्हणजे टेबल डावी-उजवीकडे सरकवणारी मोटर चालवणारा डबा, तापून बंद पडायचा. दसऱ्यापासूनचं दुखणं. शेठनी मोटर बदलली, केबल बदलली, मेव्हण्याच्या सल्ल्यानं अर्थिंगच्या खड्ड्यात मीठसुद्धा ओतलं. हे डबे बसवलेल्या मशीनमागच्या कपाटाचं दार तेवढं उघडलं नव्हतं. आत धूळ असते ना, शर्ट खराब होतो!

शेजारी मल्हारीकाका, बावीस वर्षं याच मशीनवर. "हे गेलं की काकापण घरी. नव्यावर आयटीआयची पोरं आहेत," शेठ त्यांच्यासमोरच म्हणाले आणि एसीत जाऊन बसले. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

मी एक्सचा आणि टेबल पुढे-मागे सरकवणाऱ्या वायचा ड्राइव्ह अदलाबदल करून मशीन चालवलं. वीस मिनिटांनी एक्सच्याच जागेवरचा डबा तापला, आणि आता तर तिथं वायचा धडधाकट डबा होता. म्हणजे डबे ठणठणीत, जागेतच खोट. खाली टॉर्च मारला. डबा गार ठेवणारा पंखा अडकलेला. पात्यांत दोरा आणि वाळून काळा पडलेला झेंडू.

"अहो, कपाटात हार कुणी घातला?" मी ओरडलेच.

काकांचा चेहरा पडला. "मी, ताई. दसऱ्याला शेठनी एकच हार आणला, नव्या मशीनला. म्हणले, भंगाराला कशाला पायजे? मग मी घरून आणला. बाहेर दिसला असता, म्हणून आत बांधला."

माझा सगळा राग दारावरून परत गेला आणि बरोब्बर एसीत शिरला.

पंखा साफ केला. मशीन दोन तास न कुरकुरता चाललं. शेठ आले. "चालू झालं? मग चूक कुणाची, नाव लिहा."

"लिहिते की." पंख्याला जाळी बसवा, असं मी दोन वर्षांपूर्वीच कोटेशनमध्ये लिहिलं होतं. शेठनी त्या ओळीवर पेनानं काट मारली होती. मी लिहिलं: पंख्याला जाळी नाही, रोहितशेठनी नाकारली. मशीन ठणठणीत, भंगारात काढू नये. खाली सही ठोकली आणि कागद सरळ आण्णांच्या टेबलावर ठेवला.

मी परत आले तर काका तो काळा हार झटकत होते. झटकून त्यांनी तो मशीनच्या दर्शनी दारावर बांधला, शेठच्या डोळ्यांदेखत.