लाल-पांढरा गोंडा

शाळेत स्क्रीनचा फळा आला तेव्हा अग्लायाबाईंनी बजावलं, "हात लावाल तर याद राखा." मोल्दोवातल्या त्या खेड्यात बाईंचा खाक्या ठरलेला होता. गणितं डोक्यानं करायची आणि फळा फक्त लांबचं दाखवायला वापरायचा.

एक मार्चला मात्र त्यांनी व्हिडिओ कॉल लावून फळ्यावर वर्गातल्या वेरुताच्या आईला बोलावलं. ती इटलीत म्हाताऱ्यांची शुश्रूषा करायची. त्या दिवशी पोरं आईच्या छातीवर लाल-पांढरा गोंडा लावतात.

"आई, नीट उभी राहा गं. किती हलतेस," वेरुता म्हणाली.

आई गुमान उभी राहिली. वेरुतानं टाचा उंचावून आईच्या कोटावर गोंडा चिकटवला. तिकडे आईनंही नेमका तिथंच हात ठेवला. तेवढ्यात नेट गेलं. फळा काळा पडला, गोंडा तसाच राहिला.

झाडं फुलली की गोंडा काढून फांदीला बांधतात. जर्दाळू फुलले तेव्हा फळ्यावरचा गोंडा काढायला बाईंनी हात पुढे केला.

"बाई, ज्याला लावला त्यानंच काढायचा असतो," वेरुता म्हणाली.

जर्दाळूचा बहर झडून गेला, तरी फळ्यावरच्या नकाशात इटली दाखवताना बाईंची छडी गोंड्याच्या कडेकडेनंच फिरत होती.