फुगलेली गाडी

"मेंढरं वळणाऱ्याच्या हाती गाडी दिली की असंच व्हायचं, साहेब. इंजिन जाळलं यानं," गॅरेजवाले आप्पासाहेब म्हणाले.

साहेबांचा ड्रायव्हर केरबा, त्याच्या अंगाचा तिळपापड झाला. सकाळी नामांतराच्या मोर्चात गाडी तासभर अडकली, तेव्हा पाण्याचा पाइप फुटला होता. नवा पाइप याच आप्पासाहेबांनी बसवला, घाईघाईनं रेडिएटर भरला आणि झाकण लावलं. साहेबांना घेऊन तो चितेगावच्या कारखान्याकडं निघाला, तर निम्म्या वाटेतच इंजिनाच्या उष्णतेचा काटा लालवर गेला आणि गाडी परत गॅरेजात आणावी लागली.

"केरबा, उद्यापासून येऊ नकोस," साहेब म्हणालेच.

"जातो. पर हे खोटं डोक्यावर घिऊन नाय जायचा!"

इंजिन गार झाल्यावर त्यानं गाडीची पुढची चाकं गॅरेजसमोरच्या चढावर घेतली. कोवळा घास खाऊन मेंढीचं पोट फुगलं, की त्याचा बाप तिला असंच तोंड वर करून उभं करायचा आणि वारा निघून जायचा. झाकण उघडं ठेवून केरबानं इंजिन सुरू केलं. हरिनाम घेत तो तांब्यानं पाणी ओतू लागला.

बुडबुड! काठोकाठ आलेलं पाणी वीतभर खाली गेलं. पुन्हा भरलं, पुन्हा बुडबुड. तीन तांबे जिरले, तेव्हा कुठं बुडबुडे थांबले. मग झाकण लावून तो साहेबांना करमाडपर्यंत फिरवून आला. काटा मध्यावरून हलला नाही.

"बरं, ये उद्या," साहेब पुटपुटले.

"येतो की. पर आदी यांनी सांगावं, आत हवा कुणी ठिवली? आप्पासाहेब, समदे जीव सारखे म्हणलं की कीर्तनात लई टाळ्या वाजवता तुमी. मंग मेंढरंवाल्यालाच खोटं पाडायचं व्हय?"

आप्पासाहेबांनी मान खाली घातली. "माझ्याकडूनच राहिली, साहेब."