पोटाच्या विभागाचे टेबल

मित्रांनो, मी ऑपरेशनचे एक जुने टेबल आहे. हल्ली माझा मुक्काम रुग्णालयाच्या तळघरात, मोडक्या खुर्च्यांच्या संगतीत असतो. अंगावर आता कोणी झोपत नाही. तरी एका माणसाचे ओझे अजून उतरलेले नाही.

पूर्वी आमच्याकडे एकच मोठे डॉक्टर होते. हाड असो की आतडे, सगळीकडे त्यांचाच हात. स्वभाव असा तिखट की कात्र्यासुद्धा घाबरून ओळीत राहत! पण त्यांच्या हातून सगळेच वाचत नसत, हेही सांगायला हवे.

ते निवृत्त झाले आणि विभागांची वाटणी झाली. पोट एकाचे, छाती दुसऱ्याची, हाडे तिसऱ्याची. माझ्या पायाला हिरवी पट्टी लागली आणि मी पोटाच्या विभागाचा झालो. खोटे कशाला बोलू? काम सुधारले. रोज तेच ते करून डॉक्टरांचा हात बसला, रोगी लवकर घरी जाऊ लागले. मीही मनातल्या मनात मिशीला पीळ देत होतो.

एका दुपारी एका गवंड्याला आणले. परांचीवरून पडून त्याच्या पोटात सळई घुसली होती. भूल देण्याआधी तो म्हणाला, "सिस्टर, बाहेर बायको आहे. तिला म्हणावं, जेवून घे."

पोटाच्या डॉक्टरांनी पोट उघडले. सळई वर छातीत गेली होती. त्यांचा हात थांबला.

"छातीवाल्यांना बोलवा."

"सर, ते पलीकडच्या इमारतीत ऑपरेशन करतायत," सिस्टर म्हणाली. "तुम्हीच बघा ना!"

"छाती आपली नाही. उद्या काही झालं तर उत्तर कोण देणार?"

तिकडून निरोप आला, "रोगी पोटाचा आहे. आधी तुमचं संपवा."

"अहो, रक्त चाललंय! कोणीतरी हात घाला!" भूल देणाऱ्या बाई ओरडल्या. शेवटी पोटाच्या डॉक्टरांनीच हात घातला, पण फार उशीर झाला होता. त्याच्या काळजाचे ठोके मला गादीतून कळत होते. ते बंद पडले.

मित्रांनो, कामे जरूर वाटून घ्या, त्यात शहाणपण आहे. पण कोणीतरी एकाने अख्ख्या माणसाची काळजी वाहायला हवी. एवढे माझे ऐका.

नंतर त्याच्या बायकोला आत आणले. छातीचे डॉक्टरही धापा टाकत पोचले होते. तिने त्याच्या कपाळावरून हात फिरवला आणि वर पाहून विचारले, "यांचे डॉक्टर तुमच्यापैकी कोण?"

दोन्ही डॉक्टरांनी एकमेकांकडे पाहिले.